सिंगापूरच्या वाळूत मस्कतकर

सिंगापूरला लोक मॉल बघायला जातात, प्राणिसंग्रहालय बघायला जातात आणि परत आल्यावर तिथे रस्त्यावर कागदाचा कपटाही दिसत नाही हे सांगतात. कपटा खरोखरच दिसत नाही. हे एकदा सांगून टाकलं म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. आम्ही तिथे वाळवंट करायला गेलो होतो.

'वाळवंट करणं' हा मस्कतच्या आमच्या मंडळींचा शब्द. माझं लहानपण मस्कतमध्ये गेलं. तेव्हा तिकडे आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असायची. थंडीच्या दिवसांत गुरुवारी दुपारी तीन-चार मराठी कुटुंबं गाड्या काढायची आणि वहिबाच्या वाळवंटाकडे निघायची. बिदिया नावाचं गाव आलं की डांबरी रस्ता संपायचा. तिथे थांबून टायरमधली हवा कमी करायची, कारण टणक चाक वाळूत रुततं. मग दामले काका आपली गाडी पुढे घालायचे आणि बाकीच्यांनी त्यांच्या चाकोरीतून जायचं. निखाऱ्यांत वांगी भाजली जायची, त्यांचं भरीत व्हायचं, वाळू दातांखाली कचकन यायची आणि ती भरताचाच भाग आहे असं सगळे धरून चालायचे. तंबू कुठे ठोकायचा, लाकडं कुणी आणायची, पाणी कुणी किती प्यायचं, हे काका ठरवत आणि कुणालाही विचारत नसत. त्यावर चिडायचं काम सुधाकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं होतं. ते त्या मनापासून करायच्या.

पुढे सगळे पांगले. आम्ही पुण्याला परतलो. काका-काकूही निवृत्तीनंतर कोथरूडला, मस्कतच्या पगारातून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. शिंदे काका-काकू मस्कतलाच राहिले. दामल्यांचा मुलगा अमेयदादा सिंगापूरला एका जहाज कंपनीत लागला आणि तिथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी झाला. सुधाकाकू गेल्या तेव्हा तो येऊन काकांना आपल्याबरोबर घेऊन गेला.

त्याला दोन वर्षं होत आली असताना, २०१५ च्या नाताळाआधी, दादाचा आईला फोन आला. नाताळ शुक्रवारी येतोय, तीन दिवस सलग सुट्टी आहे, शिंदे मंडळी मस्कतहून येताहेत, तुम्हीही या, बाबांना बरं वाटेल. मग मुद्दा आला. कोथरूडच्या फ्लॅटला गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याला वर्ष संपायच्या आत हो की नाही ते हवं होतं. काकांना विचारलं की ते म्हणत, तुम्हाला सोयीचं होईल तसं. तेव्हा जुन्या माणसांनी जरा बोलून बघावं. फ्लॅट गेला की काका कायमचे सिंगापूरचे झाले, मग परत यायला घरच नाही, हे न बोलताही सगळ्यांना कळत होतं. आईने त्याच दिवशी तिकिटं बघितली. माझ्या बाबांनी गुडघ्याचं कारण सांगितलं, आणि ते खरंही होतं. मला न विचारता धरण्यात आलं. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझी कुठेच अडचण होत नाही.

शुक्रवार, पासिर रिस

एमआरटीची, म्हणजे तिथल्या मेट्रोची, हिरवी लाइन पूर्वेला जिथे संपते ते पासिर रिस. मलायमध्ये 'पासिर' म्हणजे वाळू, ही माहिती दादाच्या आठ वर्षांच्या मुलीने, ईराने, स्टेशनवरच दिली आणि आईने ती शुभशकुन म्हणून घेतली. स्टेशनबाहेर वाळू नव्हती. सरकारने बांधलेल्या उंच इमारतींच्या रांगा होत्या. आपल्याकडे जिथे 'श्रमसाफल्य' किंवा 'मातृछाया' लिहितात, तिथे प्रत्येक इमारतीवर माणसाच्या उंचीचा आकडा रंगवलेला असतो. तळमजला मोकळा सोडलेला. तिथे लग्नंही लागतात आणि मयताच्या वेळी माणसंही तिथेच बसतात, असं दादा म्हणाला. पुण्यात ही दोन्ही कामं एका पार्किंगमध्ये करायची म्हटली तर सोसायटीची सर्वसाधारण सभा तीन वर्षं चालेल.

काका दारात उभे होते. मी त्यांना ओळखलं, पण त्यांचं वागणं ओळखू आलं नाही. वाळवंटात माणसांना हुकूम देणारा हा माणूस रेवावहिनीला, म्हणजे सुनेला विचारत होता, पंखा लावू का, टीव्हीचा आवाज जास्त आहे का, मी जरा खाली जाऊन येऊ का. सोफ्याच्या अगदी कडेला ते बसत, स्थळ बघायला आल्यासारखे. वहिनी प्रत्येक वेळी म्हणायची, बाबा, विचारताय काय. ते पुढच्या वेळी पुन्हा विचारायचे.

ईराची खोली काकांना दिली होती. त्यामुळे ईरा आईवडिलांच्या खोलीत खाली गादीवर. काका ईराच्या पलंगावर, तो लहान मुलांच्या मापाचा, म्हणून पाय दुमडून. खोलीच्या भिंतीवर पऱ्या आणि ढग होते.

सकाळी उपमा होता. आईने कौतुक केलं तेव्हा ईरा म्हणाली, "आजोबा ओन्ली ईट उपमा, लाह. ही इज पुणे पर्सन." तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर मराठीत देत नाही. त्या बाबतीत तिचं आणि माझं लगेच जमलं.

मी एक पाहिलं आहे. इंग्रजी शाळेत शिकलेल्या, गप्प बसणाऱ्या मुलीपाशी लोक मन मोकळं करतात. तिला मराठीतलं अर्धंच कळतं आणि जे कळतं ते ती कुणाला सांगत नाही, अशी त्यांची समजूत असावी. भांडी पुसताना वहिनीने मला सांगितलं की बाबांना ब्रेड चालत नाही, म्हणून ऑफिसला जाण्याआधी उजाडायच्या आत उठून ती रोज उपमा करते. थकायला होतं, पण ते इतक्या आवडीने ताटली पुसून खातात, की न करणं जिवावर येतं. त्याच दिवशी खाली चक्कर मारताना काका मला म्हणाले, की उपमा आता त्यांना पचत नाही, साधा ब्रेड-बटर मिळाला तर स्वर्ग, पण ती पोर एवढ्या लवकर उठून करते, ताटलीत ठेवलं तर तिला काय वाटेल. ते संपवत, म्हणून ती जास्त वाढत असे. ती जास्त वाढे, म्हणून ते जास्त संपवत. एकमेकांची इतकी काळजी घेणारं घर मी आजवर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी शिंदे काका-काकू आले. ते सेरंगून रोडच्या बाजूला हॉटेलात उतरले होते. त्यांनी मस्कतचा हलवा आणला होता, तोच जुना, केशराचा, खाल्ल्यावर बोटं धुवावी लागतात असा. शेजारच्या चिनी कुटुंबाने नाताळचा म्हणून लाकडाच्या ओंडक्यासारखा दिसणारा केक पाठवला. वहिनीने रिकामं ताट परत करायचं नाही म्हणून त्यावर चिवडा घालून पाठवला. बाहेर घामाच्या धारा आणि खालच्या दुकानाच्या काचेवर कापसाचा बर्फ. नाताळ साजरा झाला.

मग रविवारचा बेत सांगण्यात आला. ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या बागेत दादाने बार्बेक्यूची एक जागा आरक्षित केली होती. पासिर रिसच्या बागेतही अशा जागा होत्या, पण ईस्ट कोस्टला वाळू जास्त, असं तो म्हणाला. बाबांना वाळवंटासारखं वाटेल. काका म्हणाले, "वा." आणि टीव्हीचा आवाज कमी करू का, असं विचारलं.

शनिवार, टेक्का आणि हार्बरफ्रंट

वाळवंट म्हटलं की भरीत आलं आणि भरीत म्हटलं की वांगी. पासिर रिसच्या सुपरमार्केटमधली वांगी लांब, सडपातळ आणि जांभळी होती. शिंदे काकांनी एक हातात घेऊन यावर पेन्सिलीसारखं टोक काढता येईल म्हटलं. तेव्हा काका म्हणाले, टेक्का मार्केटला मिळतील, मी आणतो. दोन दिवसांत त्यांनी न विचारता केलेलं हे पहिलं विधान होतं. त्यांच्याबरोबर मी निघाले, कारण कुणीतरी जायला हवं होतं आणि बाकीच्यांना बोलायचं होतं. शिंदे काकू आम्हाला टेक्कालाच भेटल्या.

टेक्का म्हणजे लिटल इंडियातली मंडई. खाली ओल्या फरशीवर मासे, मटण, शेवग्याच्या शेंगा, केळफूल, आणि शेजारी खाण्याचे गाळे. काका वांग्यांच्या ढिगाशी उभे राहिले आणि एकदम मस्कतचे झाले. देठ बघायचं, अंगठ्याने दाबायचं, वजनाला हलकं असेल तेच घ्यायचं, जड असेल तर आत बिया. ते विक्रेत्याशी हिंदीत बोलत होते, तो तमिळ माणूस इंग्रजीत उत्तर देत होता आणि दोघांचं व्यवस्थित चाललं होतं.

तेवढ्यात शिंदे काकूंनी एक घोटाळा केला. खाण्याच्या गाळ्यांपाशी रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं होतं. काकू म्हणाल्या, बघा, किती सोय करतात, टेबलागणिक रुमाल. त्यांनी पाकीट फोडून हात पुसले, मलाही एक दिला. मग हातात नूडल्सचं ताट घेतलेली एक बाई येऊन आमच्यासमोर उभी राहिली. तिथे रुमालाचं पाकीट ठेवलं की टेबल आपलं झालं, असा रिवाज आहे. आपण बाकावर रुमाल टाकतो तसाच, फक्त तो तिथे सगळे पाळतात. काका तिला सॉरी म्हणाले, आम्ही उठलो. काकू पुढच्या टेबलापर्यंत पुटपुटत होत्या, की एवढंच होतं तर पर्स ठेवायची.

काकू बांगड्या बघायला गेल्या तेव्हा काकांनी दोन कॉफी आणल्या, आटवलेल्या दुधाच्या, भयंकर गोड. वांग्यांची पिशवी मांडीवर होती. त्यांनी इकडचं तिकडचं काही न बोलता सांगायला सुरुवात केली. त्यांना घरी जायचं होतं. कोथरूडला. इथे कुणी वाईट वागत नाही, उलट इतकं चांगलं वागतात की श्वास घ्यायला भीती वाटते. पण अमेयला कोंडो घ्यायचाय, म्हणजे सरकारी नाही असा, खासगी संकुलातला महागडा फ्लॅट. मागे एकदा ईस्ट कोस्टला फिरताना समोरच्या कोंडोंकडे बघत तो म्हणाला होता, काय जागा आहे. पोराने आयुष्यात काही मागितलं नाही. फ्लॅट विकला की त्याचं काम होईल. आपण म्हातारी माणसं, कुठेही दिवस काढू.

"तू कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. मग स्वतःच हसले. "तुला काय सांगायचं म्हणा."

संध्याकाळी दादाने आम्हा सगळ्यांना हार्बरफ्रंटला नेलं. त्याचं ऑफिस तिथे आहे. तिथूनच इंडोनेशियाच्या बेटांना फेरीबोटी सुटतात. परदेशी जायला लोक हातात भाजीएवढी पिशवी घेऊन आलेले असतात. बाकीचे आइस्क्रीमच्या रांगेत उभे राहिले. मी कठड्याशी उभी होते. दादा शेजारी येऊन उभा राहिला आणि बोलायला लागला. तेव्हाच मला काय येणार ते कळलं.

त्याला फ्लॅट विकायचा नव्हता. नोकरी संपली की त्याने आणि वहिनीने तिथेच जायचं ठरवलं होतं. पण आई गेल्यापासून बाबांना ते घर खायला उठतं. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात ते म्हणाले होते, आता तिथे काय राहिलंय. तेव्हापासून त्याने तिकडचा विषयच काढला नव्हता. ते घर डोक्यावर असेल तोवर त्यांचं मन इथे लागणार नाही, म्हणून विकून टाकायचं. तो म्हणाला, आपलं काय, आपण पुढे बघू.

मी सहसा प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी विचारला. "आणि कोंडो?"

"कसला कोंडो?" दादा म्हणाला. "पासिर रिस सोडून मी कुठे जात नाही. ईराची शाळा खाली आहे." मग आइस्क्रीमच्या रांगेकडे बघून म्हणाला, "हे बाबांना कळू देऊ नकोस हं."

मी मान हलवली. माझ्याकडे आता दोन गुपितं होती. ती समोरासमोर ठेवली असती, तर दोन्ही तिथल्या तिथे संपली असती.

रविवार, ईस्ट कोस्ट

सकाळी आंघोळीआधी मी आईला सगळं सांगितलं. आई पलंगाच्या कडेला बसली आणि बराच वेळ विचार करून म्हणाली, की हा त्यांच्या घरातला मामला आहे, आपण पाहुणे. कोणी विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगू नये. मी म्हटलं, मी तुला आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, मी तुझी आई आहे, मला सांगितलेलं धरत नाहीत. मग तिने साडी नेसली आणि काकांना राहण्याबद्दल समजावायला ती तयार झाली. दादाने सांगितलेलं काम होतं, ते करायलाच हवं.

ईस्ट कोस्टची बाग लांबच लांब आहे. एका बाजूला सायकलींचा रस्ता, त्यावर घंटी वाजवत जाणारी कुटुंबं, मग नारळाची झाडं, मग वाळू, मग समुद्र. समुद्रात क्षितिजापर्यंत जहाजं नांगर टाकून उभी, वाहतूक अडल्यासारखी. दादाला बऱ्याच जहाजांच्या मालकांची नावं माहीत होती. आमच्या बार्बेक्यूच्या कट्ट्यालाही आकडा होता. शेजारी पाटी होती, तिच्यावर काय काय करायचं नाही याची चित्रं. मस्कतला वाळवंटात एकच नियम होता, काकांचं ऐकायचं.

ईरा वाळूत बसून म्हणाली, "टीचर सेज धिस सँड ऑल्सो इम्पोर्टेड वन." ही जमीनच मुळात समुद्र बुजवून केलेली आहे आणि वाळू बाहेरून आणलेली. शिंदे काकांनी मूठभर उचलली, बोटांतून सोडली आणि म्हणाले, म्हणजे ही पण आपल्यासारखीच, व्हिसावर आलेली.

निखारे मात्र काकांनी पेटवले. दादाने विकतचे पेटवणीचे पांढरे तुकडे आणले होते, ते त्यांनी बाजूला सारले. शिंदे काकांना वारा घालायला बसवलं, दादाला कोळसे रचायला, आणि रचलेले आवडले नाहीत म्हणून पुन्हा रचायला लावले. दादा अडतीस वर्षांचा माणूस, मुकाट्याने रचत होता आणि खूश दिसत होता. तेवढा अर्धा तास खरोखर वाळवंटासारखा गेला.

मग वांगी निखाऱ्यांवर गेली आणि जुन्या माणसांनी कामाला सुरुवात केली. शिंदे काका म्हणाले, काय कमी आहे इथे, वाळू आहे, समुद्र आहे, मुलगा जवळ आहे. काका म्हणाले, खरंय. शिंदे काकूंनी दवाखान्यांचं वर्णन केलं. काका म्हणाले, खरंय. आईने, सकाळी सगळं ऐकलेलं असताना, एकट्या माणसाने स्वतःपुरता कुकर लावण्यातलं दुःख सांगितलं. काका म्हणाले, अगदी खरंय. प्रत्येक होकाराबरोबर ते वांगं जरा जोरात उलटत होते. एक फुटलं.

पाऊस आला तो तिकडच्या पद्धतीने, काही न सांगता. जे हाताला लागलं ते घेऊन आम्ही जवळच्या छपराखाली धावलो. तिथे आधीच एक मलाय कुटुंब होतं, त्यांनी सरकून जागा दिली. आमच्या कट्ट्यावरून वाफ निघत होती. अर्धी कच्ची वांगी वहिनीच्या हातातल्या परातीत होती.

दादाने फोन काढला. "मग बाबा, त्या माणसाला कळवून टाकतो. हो म्हणून."

"कळव," काका म्हणाले. ते चष्मा पुसत होते, भिजलेल्या शर्टाने, त्यामुळे तो पुसला जात नव्हता. "तुम्हाला सोयीचं होईल तसं."

दादा टाइप करायला लागला. आई नारळाच्या झाडांकडे बघत होती.

घाबरले की मला आधी इंग्रजी येते. मी म्हटलं, "दादा, वेट." मग मराठी आली. "काकांना फ्लॅट विकायचा नाहीये. त्यांना घरी जायचंय. आणि काका, दादाला कोंडो नकोय. फ्लॅट हवाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एवढं सलग बोललेलं त्यांच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. मग जे झालं त्याची तयारी मी केली नव्हती. काका अतिशय प्रेमाने म्हणाले, असं काही नाही, मी असं कुठे म्हटलं. दादा तितक्याच प्रेमाने म्हणाला, नाही गं, तुझा काहीतरी गैरसमज झालाय. दोघांनी एकमेकांकडे बघून माझ्याबद्दल समजूतदारपणे मान हलवली. दोन वर्षांत त्यांचं इतकं एकमत बहुधा प्रथमच झालं असावं.

"पोरीला मराठी नीट कळलं नसेल," शिंदे काकूंनी समजूत घातली. "इंग्लिश मीडियम ना."

आईने मला कोपराने ढोसलं. मी पावसाकडे बघायला लागले. माझ्याकडचं संपलं होतं. दादाने पुन्हा फोनकडे बघितलं.

वहिनीने परात खाली ठेवली. ती आतापर्यंत या विषयावर एक शब्द बोलली नव्हती, सून असल्यामुळे. ती म्हणाली, "बाबा, फ्लॅटचे पैसे आले की त्याचं काय करायचं असं तुमच्या मनात होतं?"

"माझं काय," काका म्हणाले, "तुमच्या कोंडोला—" आणि थांबले.

"कसला कोंडो?" दादाने विचारलं.

"तू म्हणालास ना. इथेच. त्या तिकडे बघून. काय जागा आहे म्हणून."

"जागा आहे म्हणालो बाबा. घेतो कुठे म्हणालो?"

वहिनीने मग अगदी साधा प्रश्न विचारला, जो त्या घरात कुणी कुणाला विचारला नव्हता. "तुम्हाला घरी जायचंय का?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. समुद्राकडे बघून म्हणाले, "जायचंय."

"आईशिवाय?" दादा म्हणाला. "तिथे काय राहिलंय म्हणाला होतात."

"तू न्यायला आला होतास. तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो." काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तिच्याशिवाय इथेही आहेच की मी. तिथे भाजीवाला विचारतो, वहिनी कशाने गेल्या हो. इथे ती होती हेच कुणाला माहीत नाही."

मग काकाच बोलत राहिले, आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबता येईना. पलंग आखूड आहे. एसीने कान दुखतात. उपमा पचत नाही. वहिनी म्हणाली, तिला तर उपम्याचा वास आता सहन होत नाही. दादाला राग आला, आणि तो नेमका भलत्या गोष्टीवर आला. म्हणजे दोन वर्षं मी तुम्हाला डांबून ठेवलं असं झालं ना. काका म्हणाले, आणि मी दोन वर्षं एका लहान मुलीला जमिनीवर झोपवलं. ते दोघे चढ्या आवाजात बोलत होते. फ्लॅट दोघांनाही विकायचा नाही हे ठरलं होतं, सगळ्यांना हवं ते मिळालं होतं, आणि बाप-लेक दोघेही दुखावले गेले होते. आपण नको आहोत असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी दोघांनी तेच ऐकलं होतं.

मलाय कुटुंबातल्या आजोबांनी विचारलं, "अंकल, ओके ऑर नॉट?"

"ओके, ओके," काका म्हणाले. "माय सन."

आजोबांना ते पुरेसं वाटलं. त्यांच्याही घरात मुलगे असावेत. पाऊस येताना त्यांनी आपल्या कट्ट्यावर पत्रा टाकला होता, त्यामुळे त्यांचे निखारे जिवंत होते. पाऊस थांबल्यावर त्यांनी आमची वांगी बघितली आणि एका बाजूला जागा करून दिली. आजीने आपल्याकडच्या फॉइलमध्ये ती गुंडाळली. काका आणि दादा त्या परक्या निखाऱ्यांपाशी शेजारी शेजारी उभे राहिले. मग काकांनी एका वांग्याकडे बोट दाखवलं. दादाने ते उलटलं. बरोबर उलटलं नाही, असं काका म्हणाले.

भरीत चांगलं झालं. थोडं मलाय कुटुंबाला दिलं, त्यांनी साटेच्या, म्हणजे काडीला टोचून भाजलेल्या मांसाच्या काड्या दिल्या. गिऱ्हाइकाला दादाने 'नाही' म्हणून कळवलं ते वहिनीच्या समोर, तिने वाचून दाखवायला लावून. शिंदे काकू परतताना आईला म्हणाल्या, की एवढ्या लांबून आपण समजवायला आलो आणि झालं उलटंच. मुलगी गप्प असते तेच बरं आहे. आईने मान हलवली. रात्री टॅक्सीत मात्र तिने विमानतळापर्यंत माझा हात धरून ठेवला होता, कुणी काही विचारू नये अशा रीतीने.

पुणे

काका थंडी संपता संपता परत आले. दादा स्वतः पोचवायला आला होता. त्याने खिडक्यांच्या जाळ्या पुसल्या, गॅसची जोडणी करून घेतली, दुधवाला लावला. जाताना त्याने दार ओढून घेतलं आणि जिन्यात काही वेळ उभा राहिला, असं समोरच्या बाईंनी आईला सांगितलं.

महिन्याभराने मी काकांकडे गेले. त्यांनी ब्रेड-बटर पुढे ठेवलं. स्वतः खाल्लं, माझ्याही पुढे सरकवलं. भाजीवाला भेटतो, मित्र भेटतात, सगळं ठीक आहे, म्हणाले. मग कप धुताना, पाठमोरे असताना, त्यांनी सांगितलं की संध्याकाळ जात नाही. ईरा शाळेतून यायची ती वेळ. त्या वेळी ते गॅलरीत जाऊन उभे राहतात. अमेयला सांगू नकोस, म्हणाले, त्याला वाटेल मी चूक केली.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. सगळे मजेत आहेत, म्हणाला. ईराला तिची खोली मिळाली, पण ती अजून त्यांच्याच खोलीत येऊन झोपते. आणि रविवारी सकाळी तो चुकून दोघांसाठी कॉफी करतो, मग दोन्ही स्वतःच पितो. बाबांना सांगू नकोस हं, त्यांना वाटेल त्यांना परत बोलावतोय.

मी दोघांनाही हो म्हटलं. मग दोघांचंही दोघांना सांगून टाकलं, फोनवर, एका पाठोपाठ एक. या वेळी आधी इंग्रजी आली नाही.

त्यानंतर ते दोघेही मला काही सांगेनासे झाले. काका माझी नोकरी कशी चाललीय एवढंच विचारतात. दादा वाढदिवसाला फुलांचं चित्र पाठवतो. रेवावहिनी म्हणते, हल्ली रविवारी सकाळी दोघांचा फोन तासभर चालतो आणि आतल्या खोलीतूनही ऐकू येतो, कारण दोघेही ओरडून बोलतात.